लोणारचा दीडशे वर्षांचा वाद

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या खाऱ्या सरोवराकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष गेले ते १८२३ साली, जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नोंदीमुळे. हे सरोवर ज्या विवरात साचले आहे ते अशनीच्या आघाताने तयार झाले, हे पक्के ठरले १९७३ साली. मधल्या दीडशे वर्षांत बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्याचा संबंध ज्वालामुखीशी जोडला होता. ही हकीकत हल्ली एका ठरावीक चालीत सांगितली जाते: तज्ज्ञ हटवादी होते, खरे बोलणाऱ्यांची त्यांनी हेटाळणी केली आणि अखेर सत्याचा जय झाला. ऐकायला हे बरे वाटते, पण ते चुकीचे आहे आणि त्याने नुकसानही होते. कारण भूशास्त्रातला प्रत्येक बिनबुडाचा दावा अशाच हकिकती शिफारसपत्रासारख्या पुढे करतो. लोणारच्या बाबतीत तज्ज्ञ चुकले हे खरे. पण ज्या कारणांनी चुकले ती कारणे वाजवी होती, आणि ज्यांचे म्हणणे शेवटी बरोबर निघाले त्यांच्याकडे बराच काळ ते सिद्ध करण्याचे साधनच नव्हते. साधन हाती आल्यावर वाद मिटायला पंधरा वर्षेही लागली नाहीत. सिद्धान्तावर विश्वास ठेवायचा तो मांडणाऱ्याची पदवी किंवा धाडस पाहून नव्हे. जमिनीत काय सापडले तर आपण खरे आणि काय सापडले तर खोटे, हे तो आधी सांगतो का, एवढे पाहावे, आणि लोणारचा इतिहास या मुद्द्याला जितका स्पष्ट आधार देतो तितका दुसरा कुठला देत असेल असे मला वाटत नाही.

आधी जागा पाहू. विवर जवळजवळ गोल आहे, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून खोली दीडशे मीटरच्या आसपास. काठ भोवतालच्या सपाट रानापेक्षा वीस-तीस मीटर उंच आहे, त्यामुळे लांबून येणाऱ्याला आधी एक बुटका बांध दिसतो आणि त्यावर चढल्यावर एकदम खाली पाणी दिसते. दख्खनच्या पठारावर बेसॉल्टचे थर बहुतेक ठिकाणी आडवे, एकावर एक रचलेले असतात. लोणारच्या काठावर मात्र ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत आणि काही ठिकाणी तर पार उलटे झाले आहेत, म्हणजे खालचा थर वर आणि वरचा खाली. पाणी खारट आणि अल्कधर्मी; उन्हाळ्यात ते मागे हटले की काठच्या चिखलावर क्षारांचा पापुद्रा धरतो. या क्षारांचा व्यवहार जुना आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख येतो तो काच आणि साबण करायला लागणाऱ्या पदार्थांच्या संदर्भात. डल्ला, पापडी, भुस्की अशी क्षारांच्या प्रकारांना इथे वेगवेगळी नावे होती, म्हणजे क्षार उचलणाऱ्यांनी त्यांच्यातला फरक नीट ओळखला होता. गावातल्या दैत्यसूदन मंदिराची कथा सर्वांना ठाऊक आहे: लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या विवरात राही, विष्णूने वरचे झाकण उडवून त्याला मारले. ही जागा साधी नाही, इथे काहीतरी प्रचंड घडले असले पाहिजे, हे इथल्या माणसांना भूशास्त्राच्या कितीतरी आधी कळले होते. म्हणून या कथेला मी कमी लेखत नाही. मात्र पुराणकारांनी उल्कापात पाहून त्याची नोंद ठेवली, असे जे अलीकडे लिहिले जाते त्याला आधार नाही. विवराचे वय कमीत कमी धरले तरी ते पन्नास हजार वर्षांच्या घरात जाते.

आता ज्वालामुखीवाद्यांची बाजू. ज्या प्रदेशात पाच लाख चौरस किलोमीटरवर लाव्हाचाच खडक पसरला आहे, तिथे गोल खड्डा दिसला तर पहिला विचार ज्वालामुखीचाच यायचा. पण एकोणिसाव्या शतकातले भूशास्त्रज्ञ एवढ्यावर थांबले नव्हते. दख्खनचा लाव्हा जमिनीच्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला, शंकूच्या आकाराच्या डोंगरांतून नव्हे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. लोणारच्या विवरातून लाव्हा वाहिल्याची खूण नाही, राख नाही, आणि खड्डा भोवतालच्या लाव्हापेक्षा कितीतरी नंतरचा आहे, हेही त्यांना दिसत होते. मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी १८७९ साली भारताच्या भूशास्त्रावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या पिढीचा कल होता तो स्फोटाकडे, म्हणजे जमिनीखाली वाफ किंवा वायू कोंडून झालेल्या धडाक्याकडे. काठावरचा मलबा खड्ड्याच्या मानाने थोडा वाटल्याने काहींनी जमीन खचल्याची कल्पना मांडली. १९१२ साली ला टूश आणि ख्रिस्ती यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वतीने सरोवराचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तरी वाद याच दोन टोकांमध्ये फिरत राहिला. दोन्ही कल्पनांत अडचणी होत्या आणि त्या मांडणाऱ्यांनी लपवलेल्या नाहीत. त्यांचे लेखन वाचताना मला हटवादी माणसे दिसत नाहीत. हातात असलेल्या कारणांपैकी कमीत कमी वाईट कारण निवडणारी माणसे दिसतात.

मग अशनी हे कारण त्यांच्या हाताशी का नव्हते? आकाशातून दगड पडतात हे विज्ञानाला मान्य नव्हते, असे उत्तर दिले जाते, पण तारखा ते खोटे पाडतात. क्लाड्नी या जर्मन अभ्यासकाने १७९४ साली हे म्हणणे पुस्तकरूपाने मांडले तेव्हा ते खरोखर विक्षिप्त मानले गेले. पण १८०३ साली फ्रान्समधल्या लेग्ल गावाजवळ भरदिवसा हजारो दगड पडले, बियो हा शास्त्रज्ञ तिथे जाऊन साक्षी आणि नमुने गोळा करून आला, आणि प्रश्न निकालात निघाला. नऊ वर्षांत एक विक्षिप्त मत पाठ्यपुस्तकात गेले, आणि अलेक्झांडर लोणारला पोहोचला त्याच्या वीस वर्षे आधी. अडचण वेगळीच होती. पडलेले दगड माणसाला उचलता येतील एवढे, फार तर काही टनांचे. त्यांतल्या एकानेही किलोमीटरभर रुंद खड्डा पाडताना कोणी पाहिले नव्हते. आणि आज जी कारणे डोळ्यांसमोर काम करताना दिसतात त्यांनीच भूतकाळ समजावून घ्यायचा, ही शिस्त लायेलने १८३० ते १८३३ या काळात भूशास्त्राला लावली होती. ती लावण्यामागे अनुभव होता: प्रत्येक डोंगरासाठी एकेक प्रलय कल्पिण्याची मुभा दिली की कोणतेही उत्तर तपासता येत नाही. या शिस्तीची किंमत लोणारसारख्या ठिकाणी मोजावी लागली, पण तिच्याशिवाय भूशास्त्र उभेच राहिले नसते.

वादाचे सर्वांत शिकण्याजोगे प्रकरण घडले ते लोणारपासून हजारो किलोमीटर दूर, अमेरिकेतल्या ॲरिझोनात. तिथल्या कून ब्यूट नावाच्या विवराभोवती लोखंडी अशनींचे तुकडे विखुरलेले होते. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा त्या काळातला अमेरिकेतला अत्यंत प्रतिष्ठित भूशास्त्रज्ञ. १८९१ साली तो तिथे गेला तो दोन कसोट्या घेऊनच. लोखंडाचा प्रचंड गोळा तळाखाली गाडला गेला असेल तर होकायंत्राची सुई तिथे विचलित व्हायला हवी. आणि त्या गोळ्याने खालची जागा अडवली असेल तर काठावरचा मलबा खड्ड्याच्या पोकळीपेक्षा जास्त भरायला हवा. त्याने दोन्ही मोजले. सुई हलली नाही, आणि मलबा व पोकळी जवळपास सारखी भरली. तेव्हा त्याने आघाताची कल्पना सोडली, वाफेच्या स्फोटाची स्वीकारली आणि अशनींचे तुकडे तिथे असणे हा योगायोग ठरवला. १८९५च्या व्याख्यानात त्याने हे सारे मांडले, १८९६ साली ते छापले गेले, आणि त्यात याच जातीचे दुसरे उदाहरण म्हणून त्याने आपल्या लोणारचा उल्लेख केला. दोन विवरे एकाच प्रकारची आहेत हे ओळखणारा पहिला माणूस तोच, आणि दोन्हींचे कारण त्याने चुकीचे सांगितले. गंमत म्हणजे दोनच वर्षे आधी, १८९३ साली, चंद्रावरची विवरे आघाताने झाली असावीत असे त्यानेच लिहिले होते, म्हणजे कल्पनेला त्याचा विरोध नव्हता. त्याचे चुकले ते एका गृहीतकात: येऊन आदळणारी वस्तू आदळल्यावर शिल्लक राहते. सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर वेगाने येणारा गोळा थांबताना त्याच्या गतीची एवढी उष्णता होते की त्याचा बराचसा भाग वितळून, वाफ होऊन उडून जातो, हे गणित तेव्हा कोणी मांडलेले नव्हते. कसोट्या चोख होत्या, पण त्या ज्या अपेक्षेवर उभ्या होत्या ती चुकली होती. कोणताही सिद्धान्त पुन्हा तपासण्यापलीकडचा नाही, हेही त्याने त्याच व्याख्यानात सांगून ठेवले.

त्याच विवरावर डॅनियल बॅरिंजर या खाणमालकाने १९०३ साली हक्क घेतला. विवर अशनीनेच पाडले याची त्याला खात्री होती, आणि ते त्याने जगाला ठणकावून सांगितले. आज त्या विवराला त्याचे नाव आहे. बंडखोर विरुद्ध तज्ज्ञ ही गोष्ट सांगणाऱ्यांचा तो आवडता नायक. पण तो ज्याच्या मागे होता ते लोखंड होते. लाखो टन धातू तळाखाली पुरला आहे या हिशेबाने त्याने पाव शतक बोअर मारले आणि पैसा ओतला. १९२९ साली मोल्टन या खगोलशास्त्रज्ञाने गणित करून दाखवले की असे विवर पाडायला बॅरिंजरने धरलेल्या वजनाच्या अगदी थोड्या भागाएवढा अशनी पुरतो आणि तोही आदळताच बहुतांशी नष्ट होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर बॅरिंजर वारला. कारणाबाबत तो बरोबर होता, लोखंडाबाबत चूक, आणि दोन्ही चुकांच्या मुळाशी, त्याच्या आणि गिल्बर्टच्याही, तेच एक गृहीतक होते. म्हणून माणसाला प्रमाणपत्र देऊन काही साधत नाही. गिल्बर्टच्या नावावर विश्वास ठेवणारे चुकले, बॅरिंजरच्या खात्रीवर पैसे लावणारेही बुडाले. एकेक विधान वेगळे काढून तपासावे लागते.

इथे संस्थांचा दोष मान्य करायलाच हवा. गिल्बर्टच्या निष्कर्षानंतर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने आघाताच्या प्रश्नाकडे दीर्घकाळ पाठ फिरवली. आजूबाजूला ज्वालामुखीची एकही खूण नसलेल्या गोल रचनांना ‘गुप्त ज्वालामुखी’ असे नाव देऊन मोकळे होण्याची सवय लागली. ज्याचा पुरावा दिसत नाही त्याला गुप्त म्हणायचे, म्हणजे पुरावा नसणे हाच त्याचा गुण ठरवायचा. हा प्रकार तज्ज्ञांकडून झाला म्हणून तो कमी दोषास्पद ठरत नाही. १९३६ साली वॉल्टर बुखरने अशा रचनांची यादी केली होती, आणि त्यांतल्या कित्येक पुढे आघाताच्या निघाल्या. तज्ज्ञांवर टीका करायची असेल तर ती इथे करावी. प्रतिस्पर्धी कल्पनेला त्यांनी पुरावा मागितला हे योग्यच होते. स्वतःच्या कल्पनेला तोच मागितला नाही, ही चूक.

कोंडी फुटली ती प्रयोगशाळेत. १९५३ साली लॉरिंग कोस या रसायनतज्ज्ञाने गारेवर, म्हणजे क्वार्ट्झवर, प्रचंड दाब देऊन तिचे एक नवे, जड रूप तयार केले. त्याला पुढे कोसाइट नाव पडले. पृष्ठभागाजवळच्या कोणत्याही ज्वालामुखीत एवढा दाब तयार होऊ शकत नाही. यूजीन शूमेकर त्या सुमारास नेवाडातल्या अणुचाचण्यांच्या खड्ड्यांचा अभ्यास करत होता. त्या खड्ड्यांच्या काठावर थर बाहेर कललेले आणि उलटे झालेले त्याने पाहिले, आणि ॲरिझोनाच्या विवराच्या काठावर नेमकी तीच रचना नोंदवली. १९६० साली चाओ, शूमेकर आणि मॅडसन यांनी त्या विवरातल्या वाळूच्या खडकात कोसाइट सापडल्याचे जाहीर केले. आता आघातवाद्यांना प्रथमच असे काही म्हणता आले की जे प्रतिपक्षालाही तपासता येईल: अमुक खनिज सापडले तर आघात, कारण दुसरे कोणतेही कारण ते इथे तयार करू शकत नाही. १९६४ साली लाफॉन्ड आणि डिट्झ यांनी लोणारवर लेख लिहिला, आणि विवर अशनीचे आहे का, हा प्रश्न शीर्षकातच प्रश्नचिन्हासह विचारला. रचना जुळत होती, पण खनिजाची साक्ष अजून नव्हती, आणि डिट्झसारख्या आघाताच्या खंद्या पुरस्कर्त्यानेही तिच्याशिवाय प्रश्नचिन्ह काढले नाही.

लोणारला साक्ष उशिरा मिळण्याचे कारण खडकातच आहे. कोसाइट गारेपासून होते, आणि दख्खनच्या बेसॉल्टमध्ये गार जवळजवळ नसतेच. तिथे आहे फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन. म्हणजे ॲरिझोनाची कसोटी इथे लावताच येत नव्हती. बेसॉल्टसाठी वेगळी शोधावी लागली. तिचा धागा पुन्हा भारतातच निघतो. १८६५ साली बिहारमध्ये गया जिल्ह्यातल्या शेरघाटी इथे एक अशनी पडला. १८७२ साली व्हिएन्नाच्या चेर्माक यांना त्यात काचेसारखा एक पारदर्शक पदार्थ दिसला. एका ब्रिटिश खनिजशास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांनी त्याला मास्केलिनाइट म्हटले. तो कसा तयार होतो हे नव्वद वर्षे कोडे होते. १९६३ साली मिल्टन आणि डिकार्ली यांनी फेल्डस्पार असलेल्या खडकावर स्फोटकाचा धक्का देऊन मास्केलिनाइट तयार करून दाखवले. सुमारे तीन लाख वातावरणांइतका दाब क्षणभर बसला की फेल्डस्पारचा स्फटिक न वितळताच आतून काच होतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहण्यासारखे असते. बेसॉल्टच्या पातळ चकतीत फेल्डस्पारच्या बारीक लांबट पट्ट्या असतात. दोन ध्रुवकांमधून पाहत चकती फिरवली की त्या उजळतात, काळवंडतात, पुन्हा उजळतात. धक्का बसलेल्या खडकात पट्ट्यांचा आकार, कडा, सारे जसेच्या तसे असते, पण चकती कितीही फिरवली तरी त्या काळ्याच राहतात. आतली मांडणी विस्कटून गेलेली असते. साध्या लाव्हात तयार झालेली काच असा स्फटिकाचा आकार धरून बसत नाही.

लोणारच्या तळात बोअर घेतले गेले. गाळाच्या जाड थराखाली तुटक्या, पुन्हा सांधल्या गेलेल्या बेसॉल्टचा खडक लागला आणि त्यात मास्केलिनाइट मिळाले. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांनी १९७३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात हे प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेत मास्केलिनाइट घडवणारा मिल्टन तोच. नुकत्याच झालेल्या अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांशी लोणारचे काचेचे मणी आणि असे तुटून सांधलेले खडक जुळत होते. चंद्राचे सपाट प्रदेश बेसॉल्टचेच असल्याने लोणारचे महत्त्व एकदम वाढले. ज्वालामुखीचा पक्ष त्यानंतर विरत गेला. कोणी त्याला गप्प केले नाही. लढायला त्याच्याकडे जागा उरली नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की भूशास्त्रज्ञांनी वेगेनरलाही धुडकावले होतेच की, तेव्हा आज धुडकावलेल्यांचेही उद्या खरे ठरेल. आल्फ्रेड वेगेनरने १९१२ साली खंडे सरकतात असे सांगितले आणि १९३० साली तो ग्रीनलंडच्या बर्फात वारला तेव्हा बहुसंख्य तज्ज्ञांना ते पटलेले नव्हते, हे खरे. पण तज्ज्ञांचा मुख्य आक्षेप नेमका होता: खंडे ढकलायला त्याने जी बले सुचवली ती गणिताने कितीतरी पटींनी अपुरी पडत होती. तो आक्षेप बरोबर होता, आणि ती बले आज कोणीही मानत नाही. खंडे सरकल्याचे मान्य झाले ते समुद्रतळावरचे चुंबकीय पट्टे १९६३ साली उलगडल्यावर. शिवाय वेगेनरच्या म्हणण्यात तपासण्याजोगे पुष्कळ होते, म्हणून दक्षिण आफ्रिकेत द्यु त्वा आणि ब्रिटनमध्ये होम्स यांच्यासारख्यांनी ते उचलून धरले आणि पुढे नेले. धुडकावले जाणे हा त्याच्या बाजूचा पुरावा कधीच नव्हता. ज्यांना तेव्हा धुडकावले त्यांतल्या बहुतेकांची नावेही आज कोणाला आठवत नाहीत, कारण ते खरोखरच चूक होते. आपल्याला आठवतात ती फक्त बरोबर निघालेली मोजकी नावे, आणि त्यांच्यावरून नियम बांधला तर तो फसवाच निघणार.

तोच गज मुंबईच्या समुद्राला लावून पाहू. टेक्सासमधले पुराजीवशास्त्रज्ञ शंकर चटर्जी यांनी १९९०च्या दशकापासून असे मांडले आहे की मुंबईच्या पश्चिमेला, बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राभोवती, समुद्रतळाखाली सुमारे सहाशे किलोमीटर लांब आणि चारशे किलोमीटर रुंद असे एक प्रचंड आघातविवर गाडलेले आहे. डायनोसॉर नष्ट झाले त्या काळातले ते आहे, असे ते म्हणतात, आणि त्याला त्यांनी ‘शिव’ हे नाव दिले आहे. चटर्जी हौशी नाहीत. जीवाश्मांवर त्यांचे आयुष्यभराचे काम आहे. म्हणूनच हे उदाहरण घेण्याजोगे. बहुसंख्य भूशास्त्रज्ञांना हा दावा पटलेला नाही, आणि त्याची कारणे लोणारच्या इतिहासातून सरळ निघतात. आकार गोल नाही. तिथल्या खोलगट भागाचे आणि उंचवट्याचे स्पष्टीकरण भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून दुरावताना पडलेल्या भेगांनी देता येते. एवढ्या अफाट आघाताचा जाडाभरडा मलबा पश्चिम भारतात, लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकांत, ठळकपणे सापडायला हवा; तसा थर दाखवला गेलेला नाही. उलट त्या काळच्या थरातले धक्का बसलेल्या गारेचे कण मोठे होत जातात ते मेक्सिकोच्या दिशेने, म्हणजे आघाताची जागा तिकडे दिसते. आणि मुख्य म्हणजे त्या जागेच्या खडकातून धक्क्याच्या खनिजांची निर्विवाद साक्ष पुढे आलेली नाही.

यावर दाव्याच्या बाजूने एक गंभीर उत्तर आहे: तेल कंपन्यांचे बोअरचे नमुने सहजासहजी पाहायला मिळत नाहीत, मग साक्ष आणायची कुठून? ही अडचण खरी आहे, पण ती नवी नाही. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरचे चिक्शुलुब विवर तेल शोधणाऱ्या पेन्फिल्ड आणि कामार्गो यांना दिसले होते आणि १९८१ साली त्यांनी एका सभेत ते मांडलेही होते. त्यांच्याकडे गुरुत्वाकर्षणाच्या आणि चुंबकीय मोजणीच्या नकाशांतले वर्तुळ होते, नमुने नव्हते. दहा वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. मग सरकारी तेल कंपनीच्या जुन्या विहिरींचे नमुने शोधून काढले गेले, त्यांत धक्का बसलेली गार मिळाली, आणि १९९१ साली हिल्डब्रँड आणि सहकाऱ्यांच्या लेखाने चिक्शुलुब सर्वमान्य होण्याच्या मार्गाला लागले. ‘शिव’साठी हाच रस्ता मोकळा आहे. नमुने मिळेपर्यंत कोणी हा दावा मांडला तर त्यात गैर काही नाही; तो सिद्ध झाल्यासारखा शाळेच्या पुस्तकात किंवा बातमीत यावा, असा आग्रह मात्र धरता येत नाही.

लोणारपासून फार लांब जायचीही गरज नाही. विवराच्या उत्तरेला जेमतेम काही शे मीटरवर अंबर तलाव आहे. मोठ्या अशनीचा तुकडा पडून हे धाकटे विवर झाले, असे गावातही सांगतात आणि काही अभ्यासकांनीही लिहिले. नंतरच्या बारकाईच्या पाहणीत तिथे आघाताचा पटणारा पुरावा मिळाला नाही. ज्या कसोटीने मोठ्या विवराला आकाशाशी जोडले तिनेच धाकट्याला तोडले, आणि कसोटीवर आपला भरवसा अशा नकारांनीच वाढतो.

लोणारबद्दलचा सर्वांत टिकाऊ दावा याहून वेगळ्या जातीचा आहे. हे विवर प्राचीन अण्वस्त्राने पडले, महाभारतातल्या अस्त्रांचा हा पुरावा, असे इंग्रजी पुस्तकांतून सुरू झाले आणि आता मराठीतही फिरते. अणुस्फोटानेही धक्क्याची खनिजे तयार होऊ शकतात; शूमेकरने अभ्यासलेले खड्डे अणुचाचण्यांचेच होते. तेव्हा केवळ मास्केलिनाइट दाखवून हा दावा खोडता येणार नाही. तसे करणारे घाई करतात. खोडायचा तो त्याच्याच अपेक्षेवर. अणूंचे विखंडन झाले की मूलद्रव्यांच्या समस्थानिकांची प्रमाणे बदलतात आणि ती खूण पुसली जात नाही. १९७२ साली आफ्रिकेतल्या गाबोन देशात ओक्लोच्या खाणीतले युरेनियम तपासताना युरेनियम-२३५चे प्रमाण ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ टक्के भरले. तेवढ्या फरकावरून फ्रेंच शास्त्रज्ञांनी सिद्ध केले की सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी तिथे निसर्गतःच अणुभट्टी चालली होती. निसर्गात अणुभट्टी, हे ऐकायला अस्त्राइतकेच अचाट, तरी ते मान्य झाले, कारण खडकाने तशी साक्ष दिली. लोणारच्या खडकात विखंडनाची अशी खूण नाही. तिथल्या काचेत जे सापडते ते क्रोमियम, आणि त्याच्या समस्थानिकांचे प्रमाण कार्बनयुक्त अशनींशी जुळते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. होकायंत्र लोणारला बिघडते असे सांगतात, त्याचेही असेच. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात, म्हणून सह्याद्रीतल्या कितीतरी कातळांजवळ सुई चळते. त्यासाठी लोणारलाच जायला नको.

आणि म्हणून लोणारचा खरा, आजचा वाद आपल्याकडे कोणी फारसा सांगत नाही याचे वाईट वाटते. विवराचे वय काय? १९९७ साली काचेच्या उष्णता-दीप्तीवरून ते सुमारे ५२ हजार वर्षे काढले गेले. २०११ साली जूर्दाँ आणि सहकाऱ्यांनी आर्गॉनच्या समस्थानिकांवरून ५ लाख ७० हजार वर्षे सांगितले, ४७ हजारांच्या कमी-अधिक फरकासह. एकाच विवराच्या काचेवर दोन पद्धतींनी दहापटीहून अधिक फरक पडतो. पहिल्या बाजूचे म्हणणे असे की काठ आणि बाहेर फेकला गेलेला मलबा इतक्या कमी झिजीचा आहे की पाच लाख पावसाळे त्याने काढले असतील असे वाटत नाही. शिवाय सहा-साडेसहा कोटी वर्षांच्या जुन्या बेसॉल्टमधला आर्गॉन काचेत अडकून राहिला तर वय उगाच जास्त भरते. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की अडकलेल्या आर्गॉनचा हिशेब वेगळा काढता येतो आणि तो त्यांनी काढला आहे. उलट काच हजारो वर्षे उघड्यावर उन्हात आणि पाण्यात राहिली की उष्णता-दीप्तीचे घड्याळ मागे पडते. दोन्ही बाजू कुठे चुकू शकतात हे त्यांनी स्वतः सांगितले आहे, आणि पुढची मोजमापे त्याच जागांवर चालू आहेत: काठावरच्या उघड्या खडकात वैश्विक किरणांनी साठलेली समस्थानिके, आणि सरोवराच्या तळाशी साचलेल्या गाळाचा अगदी खालचा, विवर पडल्यावर लगेच बसलेला थर.